खुडूक

मंगळवारी सकाळी मी तांदूळ निवडायला घेतले आणि हिरवी आली नाही. झालं ते एवढंच. पितळी ताटात तांदूळ ओतल्याचा आवाज झाला की ती घरात असेल तिथून निघायची, गॅलरीतून, मोरीतून, नाहीतर क्षमाच्या टेबलाखालून, आणि नखं लादीवर वाजवत येऊन माझ्या गुडघ्याशी मान तिरकी करून उभी राहायची. कणी तिची, किडका दाणा तिचा, आणि बारीक खडासुद्धा तिचाच. तीन वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. मी ताट पुन्हा हलवलं. खालच्या कुठल्यातरी मजल्यावर भिंतीला भोकं पाडायचं काम चाललं होतं, ते थांबल्यावर परत एकदा हलवलं. मग माझ्या लक्षात आलं की मी तांदूळ निवडतच नाहीये, नुसती ऐकत बसलेय.

आम्ही भांडुपला डोंगराच्या अंगाला राहतो. आधी चाळ होती, तिथेच आता इमारत झाली आणि आम्हाला नववा मजला मिळाला. घरात मी, माझी मुलगी प्रेमा आणि प्रेमाची क्षमा, अशा तिघी. क्षमाचे वडील नाशिकला असतात, सणाला फोन करतात. हिरवीला आणलं क्षमाने, तिसरीत असताना. शाळेच्या फाटकाबाहेर एक माणूस पुठ्ठ्याच्या खोक्यात रंगवलेली पिल्लं घेऊन बसला होता, गुलाबी, निळी, हिरवी. शेजारच्या कुंदाने पिल्लू हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाली, ही सगळी नर पिल्लं असतात, अंड्यांच्या कारखान्याला नको झालेली, चार दिवसांत मरतात, पोरीला आधीच सांगून ठेव. मी सांगून ठेवलं. पिल्लू मेलं नाही. महिन्याभरात हिरवा रंग झडला, खालून तांबूस पिसं आली, आणि पुढे सहा महिन्यांनी त्या नराने माझ्या धुवायच्या साड्यांच्या बादलीत अंडं घातलं. ते बघायला कुंदा खास आली होती. "तुमच्या घरात नर टिकतच नाही बघ, जानकी," ती म्हणाली, "आला तरी त्याची बाई होते." तिच्या बोलण्याला मी हसले. नाव मात्र हिरवीच राहिलं. रोज चार वाजता मी तिला कापडी पिशवीत घालून लिफ्टने खाली न्यायचे. इमारतीच्या मागे भिंतीलगत हातभर माती राहिली आहे, तिथे ती उकरायची. लिफ्टमधली माणसं पहिल्यांदा दचकायची, नंतर पिशवीतून बाहेर आलेल्या तोंडाकडे बघून विचारायला लागली की आज अंडं झालं का.

ती गॅलरीत तिच्या आंब्याच्या पेटीत बसली होती. पिसं फुलवून, मान आत ओढून. तशी ती रविवारपासूनच पेटीत जाऊन बसत होती, जरा वेळाने उठत होती, परत बसत होती, पण त्या दिवशी उठलीच नाही. मी खाली वाकून बघितलं आणि मला हायसं वाटलं. खुडूक झाली होती. कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसायचं वेड लागतं, पोटाखाली अंडं असो नसो. खात नाही, फिरत नाही, अंडी घालायची बंद होते. आमच्या गावाला हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पिल्लं हवी असली तर तिच्याखाली अंडी ठेवायची, नको असली तर तिचं वेड मोडायचं. आई तिला विहिरीच्या पाण्यात बुडवायची, मानेपर्यंत, दोनदा, तीनदा, आणि मग डालग्याखाली उपाशी ठेवायची. पोटाची ऊब गेली की डोक्यातलं खूळ जातं, असं ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी डालगं उचललं की कोंबडी अंग झाडून अंगणात पळायची, जसं काही झालंच नाही. हे सगळं माझ्या हातांना ठाऊक होतं. नवव्या मजल्यावर माझ्या हातांना ठाऊक असलेलं फारसं काही उरलेलं नाही. गॅसचा लायटर, लिफ्टचं बटण, फोनवर बोट सरकवणं, हे सगळं मला क्षमाने शिकवलं, अक्षरंसुद्धा तिनेच, तिच्या पहिलीच्या पाटीवर. पण हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून बहुतेक मी एवढी घाई केली.

जानेवारी महिना होता, नळाला पाणी बर्फासारखं येत होतं. मी बादली भरली, हिरवीला दोन्ही पंखांसकट धरली आणि मानेपर्यंत पाण्यात घातली. खुडूक कोंबडीला हात लावला की ती अंगावर येते. फिस्कारते, चोच मारते, मनगट फोडते. आमच्याकडच्या एका काळ्या कोंबडीने आईच्या अंगठ्याचं मांस काढलं होतं. हिरवी काहीच करेना. पाण्यात ती एकदम हलकी झाली आणि तिचं काळीज माझ्या बोटांना लागलं, धडधड नव्हे, थरथर, पातेलं उकळायला लागण्याआधी हाताला जाणवते तशी. तिने माझ्याकडे बघितलं. कोंबडीचा डोळा मिटतो तो खालून वर, आपल्यासारखा वरून खाली नाही. खालची पापणी हळूहळू वर चढली आणि परत उतरली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तिला परत बुडवली. तीनदा. मग पुसली, पेटीतला भुसा काढून टाकला आणि भाज्यांची प्लास्टिकची टोपली तिच्यावर पालथी घालून वर वरवंटा ठेवला. संध्याकाळी प्रेमा ऑफिसातून आली, तिने विचारलं, तर मी म्हटलं, खुडूक झालीय, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. प्रेमाने मान हलवली आणि चहा ठेवायला गेली. माझ्याकडे पाठ करून ती जरा जास्तच वेळ उभी राहिली, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

बुधवारी परत तेच केलं. टोपलीखाली तिने घाण केली नव्हती, ठेवलेल्या वाटीतलं पाणी होतं तसं होतं. तिची शेपूट खाली आली होती. मी म्हटलं, अजून खूळ गेलं नाही. बादलीवर वाकताना माझ्या तोंडून आपसूक गेलं, "ऊठ आता. पुरे झालं." आणि बोलताबोलता मी थांबले, कारण ते शब्द मी आधी बोलले होते. त्याच आवाजात. जागा वेगळी होती, बादली पत्र्याची होती, आणि पाण्याखाली कोंबडी नव्हती.

ह्यांना मिलमधून बाहेर पडून तेव्हा सहा वर्षं झाली होती. संप झाला, मिल बंद पडली, परत चालू होणार म्हणाले, झाली नाही. पहिली दोन वर्षं हे रोज नाक्यावर जाऊन उभे राहायचे. मग विक्रोळीला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालीचं काम मिळालं, तिथे तीन-साडेतीन वर्षं गेली. मी स्टेशनजवळच्या खाणावळीत चपात्या लाटायला जायचे, पहाटे चारला. मग एका गणपतीनंतर हे कामावर जायचे बंद झाले. काही झालं नव्हतं. कुणी काढलं नव्हतं. दाराजवळच्या कोपऱ्यात, पाणी भरायच्या पिंपाशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, चादर लपेटून बसायचे. थंडी वाजते म्हणायचे. ऑक्टोबरात, पत्र्याखाली, मला अंगावर पदर नको व्हायचा आणि हे चादर ओढून बसायचे. जेवायला वाढलं तर दोन घास खायचे. पहिल्यांदा मी समजावलं, मग भांडले. भांडायला ह्यांनी कधी मला कमी केलं नव्हतं. आमची भांडणं चाळीत प्रसिद्ध होती, लोक रेडिओ बारीक करायचे. पण ह्या वेळी हे भांडेनात. मी बोलायचे आणि हे माझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं की हे सोंग आहे, मला आणखी चिडवायला शोधून काढलेलं.

समोरच्या खोलीत वनमालाकाकी राहायची, आमच्याच गावाकडची, जिभेला हाड नसलेली. ती एकदा नळावर सगळ्या बायकांच्यात म्हणाली, "काय गो जानक्या, तुझो घोव खुडूक बसलो की काय?" नळावर एवढं हसू फुटलं की कुणाची तरी कळशी कलंडली. मीही हसले. हसत हसत घरी आले, तर हे कोपऱ्यात, फुगून, मान खांद्यात घालून. तो शब्द त्यांच्यावर असा बसला, जणू त्यांच्यासाठीच शिवला होता. त्या दिवसापासून मला त्यांच्याकडे बघितलं की दुसरं काही दिसेचना. चाळीतली पोरं त्यांना बघून गळ्यातून तसा आवाज काढायची. प्रेमा तेव्हा दहा वर्षांची, ती त्या पोरांच्या अंगावर धावून जायची. मी गेले नाही. माझ्या मनात कुठेतरी होतं की ऐकू देत, लागू देत जरा, म्हणजे उठतील.

पौषातली सकाळ होती. मी चपात्यांना निघाले होते, रात्रभर पिंपात गारठलेलं पाणी, आणि हे कोपऱ्यात बसल्या जागी जागे. झोपलेच नव्हते बहुतेक. आदल्या दिवशी रखवालीचा मुकादम येऊन सांगून गेला होता की इतके दिवस बदली माणसावर भागवलं, आता सोमवारी आला नाहीस तर जागा जाईल. मी म्हटलं, "ऊठ. पुरे झालं." नवऱ्याला मी एरवी एकेरी बोलत नसे. हे हलले नाहीत. मी पिंपातून पत्र्याची बादली भरली आणि त्यांच्या डोक्यावर ओतली. मग परत भरली, आणि परत ओतली. का दुसऱ्यांदा, ते मला सांगता येणार नाही. हात एकदा लागला की हात थांबत नाही. ह्यांनी हात वर केले नाहीत, तोंड फिरवलं नाही. पाणी मिशांतून, चादरीतून खाली आलं, लादीवर पसरलं, प्रेमाच्या गोधडीपर्यंत गेलं. हे वर बघून एवढंच म्हणाले, "गार आसा गो." तक्रार नव्हती त्यात. लहान मूल सांगतं तसं सांगितलं. मग उठले, ओला बनियन पिळला, सुका घातला आणि मुकादमाकडे कामावर गेले. मी जिंकले होते. खाणावळीत त्या दिवशी मी एका दमात शंभर चपात्या लाटल्या आणि बायकांना सांगितलं की उठवला अखेर.

हे बारा दिवस कामावर गेले. तेराव्या दिवशी फाटकावरच कोसळले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाठीत जाड सुई घातली आणि त्यांच्या छातीतलं पाणी बाहेर काढलं. पिवळसर, बाटली भरून. क्षयाने फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, महिनोन् महिने साठत होतं, म्हणून थंडी वाजत होती, म्हणून जेवण जात नव्हतं. हे मी नंतर समजून घेतलं, प्रेमाने मोठी झाल्यावर समजावून सांगितलं. मी ओतलेलं पाणी आणि त्या बाटलीतलं पाणी एक नव्हे, हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण त्या बाटलीकडे बघताना मला ते एकच वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस असे बसून आहेत? मी म्हटलं, आठ दिवस. चार महिने झाले होते. त्यांनी परत विचारलं, त्यांना तेवढ्यात आजार इतका वाढलेला पटत नव्हता. मी परत म्हटलं, आठ दिवस. हे खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले, माझं खोटं झाकायला. एकोणीस दिवसांनी गेले.

गुरुवारी क्षमा शाळेतून आली आणि माझ्यावर ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वरवंटा बाजूला केला, टोपली उचलली आणि म्हणाली, "आजी, ही पेंग्विनसारखी का उभी आहे?" हिरवी उभी होती, पण मागचं अंग जमिनीकडे झुकलेलं, पाय फाकलेले, चोच उघडी. दर थोड्या वेळाने तिच्या अंगातून एक कळ जात होती आणि ती कळ मी ओळखली. माझी दोन बाळंतपणं झाली आहेत, त्यातलं एक मूल राहिलं नाही. कुठल्याही बाईने ओळखली असती. मी पिशवी घेतली. क्षमाने फोनवर शोधून काढलं की मुलुंडला पक्ष्यांची एक डॉक्टर आहे. रिक्षात हिरवी माझ्या मांडीवर होती आणि तिने पहिल्यांदाच पिशवीतून तोंड बाहेर काढलं नाही. क्षमा पिशवीत हात घालून बसली होती. ती म्हणाली, "कान गार लागतायत तिचे." कोंबडीला कान असतात हे मला कधी सुचलं नव्हतं.

डॉक्टर मृणालिनी तरुण होती, हातावर पोपटांनी चावल्याच्या खुणा. तिने हिरवीला टेबलावर घेतलं, पोटाखाली दोन बोटं फिरवली आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, अंडं आत अडकलंय, तीन-चार दिवस तरी झाले असतील, आणि ते बहुतेक आतच फुटलंय. मी म्हटलं, "मला वाटलं खुडूक झालीय." ती जरा हसली, प्रेमळ हसली. म्हणाली, "आजी, ही जात खुडूक होतच नाही. अंड्यांसाठी तयार केलेली आहे ना, त्यांच्यातून ते खूळच काढून टाकलंय. नुसतं अंडं, अंडं, अंडं. बिचाऱ्या ह्यातच जातात." मग सुई भरता भरता तिने विचारलं, "घरी काही केलंत का? काही दिलं, काही उपाय?" क्षमा माझ्याकडे बघत होती. टोपली तिने बघितली होती, बादली बघितली नव्हती. टेबलाच्या पांढऱ्या पत्र्यात माझा चेहरा मोडका मोडका दिसत होता. मी म्हटलं, "नाही. काही नाही." तोच आवाज. इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्या गळ्यात होता तिथेच होता, जरासुद्धा गंजला नव्हता. हिरवीने डोळा मिटला, खालून वर.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की सकाळपर्यंत सुटलं तर सुटलं, नाहीतर आणा, पोट उघडून बघू, पण खात्री देत नाही, ती फार थकलीय. एका कागदावर तिने काय करायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, माझं वय बघून. घरी आल्यावर मी चष्मा लावला आणि अक्षरांखाली बोट सरकवत वाचायला लागले. पहिलाच शब्द होता, कोमट. मी तो वाचला आणि बोट तिथेच राहिलं. कोमट पाण्यात बसवणे. पोट आणि शेपटीचा भाग पाण्यात राहील असे. अर्धा अर्धा तास. पाणी गार होऊ देऊ नये. उबेने आतले अंग सैल पडते. मी परत पहिल्यापासून वाचलं, एखादं अक्षर चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. आतलं अंग सैल पडावं म्हणून ऊब हवी होती, आणि मी दोन दिवस तिला गारठवून आत आत आवळत नेलं होतं. अंडं जिथे होतं तिथे मीच ते कुलूप लावून ठेवलं होतं.

क्षमाच्या लहानपणीचा अंघोळीचा टब माळ्यावर होता, तो काढला. पाणी तापवलं, कोपर बुडवून बघितलं, बाळाला बघतात तसं, आणि गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात पाटावर बसून हिरवीला टबात धरली. पाण्याची ऊब लागली तशी ती मऊ पडली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने गळ्यातून आवाज काढला, तो तांदळाच्या ताटाशी काढायची तो, हळू, बडबडल्यासारखा. क्षमाला वाटलं बरी झाली, ती टाळी वाजवणार होती, मी नको म्हटलं. कुंदा दार लोटून आत आली, तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, निवडता निवडताच आली होती. तिने वाकून बघितलं आणि मला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण मी उठू शकत नव्हते, म्हणून तिथेच म्हणाली, "जानकी, तुला सांगायला नको. अजून जीव आहे तोवर काप. मेली की टाकूनच द्यावी लागेल." वाईट मनाने म्हणाली नाही. गावाला आम्ही तेच करायचो. कोंबडी मान टाकायला लागली की सुरी आणायची, आजाऱ्याची सेवा करायला कुणाला फुरसत होती? माझ्या हाताने मी किती केल्या असतील. क्षमा कुंदाकडे अशी बघायला लागली की कुंदाने कोथिंबीर पदराखाली घेतली. "बरं बाई, राहू दे," ती म्हणाली, "बाळंतीण आहे ना तुमची, मी डिंकाचे लाडू पाठवते." जाताना मात्र तिने हिरवीच्या तुऱ्यावरून एक बोट फिरवलं.

तिन्हीसांजेपर्यंत मी तीनदा पाणी बदललं. ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. खाली मुलं खेळत होती, मागच्या डोंगरावरून घारी परतत होत्या, आणि त्यांच्या आवाजाला हिरवीने एकदाही मान वर केली नाही, एरवी नवव्या मजल्यावर काचेआडसुद्धा ती घारीला भ्यायची. माझी कंबर गेली होती. हात पाण्यात सुरकुतून पांढरे पडले होते, हॉस्पिटलात ह्यांचं अंग पुसताना व्हायचे तसे. शेवटचे काही दिवस सिस्टरने मला त्यांना पुसायला सांगितलं होतं आणि नळाला गरम पाणी नव्हतं. मी तिथल्या चहावाल्याकडून किटलीभर गरम पाणी मागून आणायचे आणि ते त्यांच्या पाठीपर्यंत पोचेस्तोवर निवायचं. एकदाही ते गार आहे म्हणाले नाहीत. मी वाट बघायचे की म्हणतील. म्हणाले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. हिरवीच्या मागून एक पातळ, पिवळट धार पाण्यात आली आणि तिच्यामागे टरफलाचा नखाएवढा तुकडा, मऊ, कागदासारखा. क्षमा "आलं, आलं" म्हणाली. पिवळ्या पाण्याचा रंग मला माहीत होता.

दार उघडल्याचा आवाज आला. प्रेमाने पर्स खुंटीला लावली, चप्पल काढली आणि तशीच आमच्याजवळ आली. तिने काय झालं विचारलं नाही, क्षमाने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशेजारी लादीवर बसली, ऑफिसच्या साडीतच, आणि टबात हात घातला.

"गार झालंय गं, आई," ती म्हणाली.

माझे हात पाण्यात होते, ते मला उचलता येईनात. मला कळलंच नव्हतं की पाणी गार झालं. प्रेमा उठली, गॅस पेटल्याचा आवाज आला, तिने क्षमाला दिवा लावायला आत पाठवलं. मग पातेलं फडक्यात धरून आली आणि टबाच्या कडेने, हिरवीला लागणार नाही असं, थोडं थोडं गरम पाणी सोडायला लागली. एका हाताने ओतत होती, दुसऱ्याने ढवळत होती.

मी म्हटलं, "प्रेमा, मी हिला मंगळवारी गार पाण्यात बुडवली. काल पण. खुडूक समजून."

"हं."

"डॉक्टरला खोटं सांगितलं मी. काही केलं नाही म्हणून."

ती ओतत राहिली. मला वाटलं एवढ्यावर थांबावं, एवढं पुरे आहे एका संध्याकाळी. पण हात एकदा लागला की थांबत नाही. मी म्हटलं, "तुझ्या बाबांना पण..."

"मी जागी होते," प्रेमा म्हणाली. पातेलं तिने खाली ठेवलं. "माझी गोधडी भिजली होती ना. तू गेल्यावर लादी मीच पुसली. बाबा कामावर निघायच्या तयारीत होते. ते म्हणाले, आईला सांगू नको तू जागी होतीस. म्हणून नाही सांगितलं."

छत्तीस वर्षं. तिने हे मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, दुधाचं पातेलं कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. आत क्षमा काडेपेटी शोधत होती, खण उघडत होती, लावत होती. हिरवीच्या अंगातून एक कळ गेली, मग आणखी एक, छोटी, आणि मग तिची मान माझ्या मनगटावर आली. खालची पापणी वर चढायला लागली. मी वाट बघितली उतरायची.

"अजून थोडं ओतू का?" प्रेमाने विचारलं. तिला दिसलं होतं. मला दिसलंय हेही तिला कळलं होतं.

"ओत," मी म्हटलं.

तिने उरलेलं सगळं ओतलं, आणि मग दोन्ही हात पाण्यात घालून माझ्या हातांखाली धरले. पाणी आता बरोबर होतं. आत दिवा लागला, क्षमाची पावलं यायला लागली, तरी आम्ही दोघींनी हात बाहेर काढले नाहीत.